कबरी आणि कोळशाची रेघ

एक होतं अंगण. शेणाने सारवलेलं, छान छान. अंगणात एक शेवगा. शेवग्याखाली एक बकरी. कोपऱ्यात एक खुराडं. आणि अंगणाची मालकीण कोण? हौसाक्का!

हौसाक्काची होती एक कोंबडी. गावठी, तांबडी आणि चपळ. पण अंगाने एवढीशी.

हौसाक्काला हवी होती मोठ्ठी कोंबडी आणि टोपलीभर अंडी. म्हणून तिने बाजारातून आणला एक पांढरा कोंबडा. केवढा? एवढ्ढा! उचलला की हात दुखायचा.

तांबडीची आणि पांढऱ्याची जोडी जमली. तांबडीने अंडी घातली. हौसाक्काने त्यातली अकरा निवडली. दहा नाही, बारा नाही, अकराच! तिची आईसुद्धा अकराच ठेवायची. मग तिने चुलीतला कोळसा घेतला. प्रत्येक अंड्यावर एक काळी रेघ ओढली. रेघेचं अंडं तव्यावर जात नाही. रेघेचं अंडं पिल्लाचं!

तांबडी अंड्यांवर बसली. एकवीस दिवस बसली. आणि मग टक्! टक्! टक्! पिल्लंच पिल्लं!

पाच पिल्लं पांढरी, बाबासारखी. पाच पिल्लं तांबडी, आईसारखी. आणि एक? एक थोडं पांढरं, थोडं तांबडं. पाठीवर ठिपके. डोक्यावर ठिपके. तिचं नाव कबरी.

आता अंगणात होतं एक मडकं. उपडं ठेवलेलं. आत ओलं गोणपाट, आत शेण. अशा मडक्याखाली काय येतं? वाळवी येते! पांढरी पांढरी, मऊ मऊ, वळवळ वळवळ. पिल्लांचा लाडका खाऊ.

सकाळी हौसाक्काने मडकं उचललं. पिल्लं मोजली.

"पाच पांढरी. पाच तांबडी. पाच नि पाच धा. झालं!"

झालं? कुठे झालं? कबरी राहिली ना! हौसाक्काने रंग बघून मोजलं, आणि तिथेच चुकलं.

हौसाक्काने वाळवीचे दोन ढीग केले. एक पांढऱ्यांना, एक तांबड्यांना. उरलेल्या वाळवीवर मडकं पुन्हा उपडं ठेवलं. आणि गेली.

कबरी पांढऱ्यांकडे गेली. पांढरी म्हणाली, "तू तांबडी. जा तिकडे!"

कबरी तांबड्यांकडे गेली. तांबडी म्हणाली, "तू पांढरी. जा तिकडे!"

इकडून ढुशी, तिकडून ढुशी. दोन्ही ढीग संपले. कबरीला एकसुद्धा वाळवी नाही. आता तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का? मुळीच नाही!

कबरी रडली का? नाही. कबरीने पाय आपटला. थप्प!

"माझा वाटा मला हवा! मी आत्ता घेणार!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मडक्याकडे गेली.

"मडक्या, मडक्या, ऊठ!"

"का गं, का?"

"माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

मडकं म्हणालं, "मी आहे जड. मी नाही उठणार. बकरी शिंग लावेल, तरच मी उठेन."

कबरीने पाय आपटला. थप्प! "नाही तर नाही! बकरीला सांगते!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बकरीकडे गेली.

"बकरी, बकरी, शिंग लाव!"

"का गं, का?"

"मडकं उठेना,
माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

बकरी म्हणाली, "मला लागलीय भूक. मी नाही शिंग लावणार. शेवगा पाला टाकेल, तरच मी शिंग लावेन."

कबरीने पाय आपटला. थप्प! "नाही तर नाही! शेवग्याला सांगते!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेवग्याकडे गेली. मान वर केली. आणखी वर केली. धप्पकन् मागे पडली! उठली, पंख झटकले.

"शेवग्या, शेवग्या, पाला टाक!"

"का गं, का?"

"बकरी शिंग लावेना,
मडकं उठेना,
माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

शेवगा म्हणाला, "माझा पाला घट्ट. मी नाही टाकणार. वारा वाहील, तरच मी टाकेन."

कबरीने पाय आपटला. थप्प! "नाही तर नाही! वाऱ्याला सांगते!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वारा कुठे होता? खुराड्यामागे घोरत होता. घुर्र, घुर्र!

"वाऱ्या, वाऱ्या, वाहा!"

"का गं, का?"

"शेवगा पाला टाकेना,
बकरी शिंग लावेना,
मडकं उठेना,
माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

वारा म्हणाला, "मला आलीय झोप. मी नाही वाहणार. कोंबडा आरवेल, तरच मी वाहीन." आणि पुन्हा घोरायला लागला. घुर्र, घुर्र!

कबरीने पाय आपटला. थप्प! "नाही तर नाही! कोंबड्याला सांगते!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पांढरा कोंबडा खुराड्यावर उभा. छाती पुढे, तुरा वर. बाबाच तो तिचा! पण मिजास केवढी!

"बाबा, बाबा, आरव!"

"का गं, का?"

"वारा वाहेना,
शेवगा पाला टाकेना,
बकरी शिंग लावेना,
मडकं उठेना,
माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

कोंबडा म्हणाला, "बाबा कुणाला म्हणतेस? माझी पिल्लं पांढरी. तू तर कबरी!"

कबरीने एक पाय पुढे केला. "रंग नको बघूस. पाय बघ! कुणाचे आहेत असे जाड?"

कोंबड्याने तिचा पाय बघितला. आपला पाय बघितला. जरा खाकरला. "बरं, बरं. पण माझं पोट रिकामं. मी नाही आरवणार. हौसाक्का दाणे टाकेल, तरच मी आरवेन."

कबरीने पाय आपटला. तोच जाड पाय! थप्प! "नाही तर नाही! हौसाक्काला सांगते!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पोटात कावळे ओरडत होते. पाय दुखत होते. तरी निघाली. हौसाक्का दारात बसून बाजरी पाखडत होती. सूप वर, सूप खाली. फट् फट्, फट् फट्!

"हौसाक्का, हौसाक्का, दाणे टाक!"

"का गं, का?"

"कोंबडा आरवेना,
वारा वाहेना,
शेवगा पाला टाकेना,
बकरी शिंग लावेना,
मडकं उठेना,
माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

हौसाक्का म्हणाली, "अगं बया! तू कुठली? माझी पिल्लं धा. पाच पांढरी, पाच तांबडी. तू शेजारच्या सोनाबाईची असशील. मी न्हाई दाणे टाकायची. तुझी आई सांगंल, तरच मी टाकीन."

शेजारची! ऐकलंत? आपल्याच अंगणात कबरी शेजारची झाली! कबरीला राग आला. असा राग आला, असा राग आला, की अंगावरचे सगळे ठिपके फुलले.

थप्प! "नाही तर नाही! आईला सांगते!"

कबरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आई कुठे होती? डालग्याखाली. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, कोंबडीवर उपडी ठेवलेली. आईने पिल्लांचा खाऊ खाऊ नये, म्हणून हौसाक्काने तिला झाकलं होतं.

"आई, आई, सांग!"

"का गं, का?"

"हौसाक्का दाणे टाकेना,
कोंबडा आरवेना,
वारा वाहेना,
शेवगा पाला टाकेना,
बकरी शिंग लावेना,
मडकं उठेना,
माझी वाळवी मिळेना,
पण मी काही हटेना!"

आई म्हणाली का, मी नाही सांगणार? छे, मुळीच नाही! आई कशी म्हणेल? आईने बांबूच्या फटीतून चोच बाहेर काढली. कबरीच्या डोक्यावरून फिरवली.

"पोरी, मी इथे कोंडलेली. इथून ओरडले तर कुणाला ऐकू जाणार? आणि सांगितलेलं लोक विसरतात गं. तू तिला दाखव. खुराड्यात जा. माझ्या घरट्यात जा. तुझं टरफल आण."

कबरी खुराड्यात गेली. घरट्यात दहा टरफलांचा चुरा झालेला. एकच अर्धं टरफल शाबूत. त्याला आतून एक ठिपक्यांचं पीस चिकटलेलं. ते कबरीचं!

टरफल मोठं, कबरी छोटी. चोचीत धरलं, सटकलं. पुन्हा धरलं, पुन्हा सटकलं. तिसऱ्यांदा घट्ट धरलं. ओढ ओढ, ओढ ओढ!

पांढरी हसली. तांबडी हसली. "बघा, बघा, कबरी कचरा ओढतेय!"

कबरी बोलली नाही. चोच भरलेली होती ना! हौसाक्काच्या पायाशी टरफल ठेवलं. टक्!

"हौसाक्का, ही रेघ कसली?"

"कोळशाची."

"कुणी ओढली?"

"मीच की!"

"मग या टरफलात कोण होतं?"

हौसाक्काने टरफल हातात घेतलं. पीस बघितलं. कबरीला बघितलं. सूप थांबलं.

"मी होते!" कबरी म्हणाली. "रेघ तुझी. मग मी कुणाची?"

हौसाक्काने कबरीला तळहातावर घेतलं. तिचे डोळे भरून आले.

"माझीच गं बाय, माझीच! अकरा अंडी ठेवली आन् धा पिल्लं मोजली. मी रंग मोजले. पिल्लं मोजायची राहिली. चुकलं माझं. थांब, मीच उचलते मडकं."

"नाही!" कबरी म्हणाली. "तू दाणे टाक. सगळे म्हणाले तरच, तरच, तरच. आता बघू कोण नाही म्हणतं!"

मग काय झालं?

हौसाक्काने दाणे टाकले. सर्रर्र!
कोंबडा आरवला. कुकूच कू!
वारा वाहिला. सूं सूं सूं!
शेवग्याने पाला टाकला. सळ सळ सळ!
बकरीने पाला खाल्ला. कचर कचर! मग शिंग लावलं. ढुश्श!
मडकं उठलं. गड गड गड गड!

आणि खाली काय? वाळवी! पांढरी पांढरी, मऊ मऊ, वळवळ वळवळ!

पांढरी धावली. तांबडी धावली. कबरीने दोन्ही पंख पसरले. "थांबा! तुमचं झालंय. आधी माझं!"

सगळी थांबली. एकानेही ढुशी दिली नाही. टिप् टिप्, टिप् टिप्, कबरी जेवली. पोट झालं टम्म. मग म्हणाली, "आता या. उरलंय ते सगळ्यांचं."

संध्याकाळ झाली. पिल्लं खुराड्यात निघाली. हौसाक्का दाराशी बसली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, धा...

"अकरा!" कबरी ओरडली.

कबरी मोठी झाली. बाबासारखी भारी, आईसारखी चपळ. कुत्रं आलं की भुर्रकन् शेवग्यावर! तिने अंडी घातली. मोठ्ठी मोठ्ठी. हौसाक्काने अकरा निवडली. कोळसा घेतला. कबरी समोरच उभी. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा... दहा रेघा झाल्या. हौसाक्का मुद्दाम थांबली.

थप्प!

"ओढते गं बाई, ओढते!" हौसाक्का हसली. तिने अकरावी रेघ ओढली.

तेव्हा कुठे कबरी हटली. आणि अंड्यांवर जाऊन बसली.

आता तिला कुणी उठवून दाखवा!