चाळीस हातोड्यांची सभा

एकदा एका तांबट आळीत एक नियम होता, आणि त्या नियमाला प्रश्न विचारायचा नाही, हा दुसरा नियम होता.

आळीतल्या कारागिरांचे एक बंधू मंडळ होते. प्रत्येक घर दरमहा आपल्या कमाईतला थोडा वाटा मंडळाच्या घागरीत टाकी, आणि सभासद आजारी पडला की त्याच्या औषधपाण्याचा, शस्त्रक्रियेचा खर्च त्या घागरीतून होई. व्यवस्था चांगली होती. अट मात्र होती. ज्याला मदत हवी त्याने देवीच्या सभामंडपात सर्वांसमोर उभे राहून आपले दुखणे मोठ्या आवाजात सांगायचे, आणि चिटणिसाने ते वहीत लिहायचे. ‘असंच का?’ असे इरावतीने पहिल्यांदा विचारले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. “पूर्वापार आहे. विचारायचं नसतं,” एवढेच उत्तर तिला मिळाले होते.

आता ती चोवीस वर्षांची होती. कॉलेजची पदवी घेऊन आळीत परतली होती आणि हरबाअण्णांकडे मठारकाम शिकत होती. मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवण्याची कला. अक्षर वळणदार म्हणून मंडळाने तिला चिटणीसही केले होते. हरबाअण्णा आळीत सर्वांत वडील. ठोका चुकला की ते रागे भरत. ठोका नेमका बसला की काहीच बोलत नसत. “कधी ‘बरं झालं’ म्हणायला काय जातं यांचं?” असे ती आईला चिडून म्हणे. जन्मभर तांबे ठोकून अण्णांचे कान गेले होते. तसा पन्नाशीपुढचा धड ऐकणारा माणूस त्या आळीत कुणीच नव्हता. त्यामुळे तिथे कुणी कुजबुजले तरी ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई.

त्या वर्षी चंद्राकाकू आजारी पडल्या. नवरा गेल्यापासून त्या घरोघरची भांडी उजळून देत आणि मंडळाच्या सभासद होत्या. दुखणे असे होते की कोणतीही बाई ते चाळीस पुरुषांपुढे उच्चारणार नाही. ते कोणते, हे मीही इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर पूर्ण बऱ्या होतील, असे डॉक्टरांनी सांगितले होते. नंतर खात्री नव्हती.

“मी नाही उभी राहायची गं,” काकू इरावतीला म्हणाल्या. “उद्या हीच माणसं माझ्याकडे भांडी घेऊन येणार. त्यांच्या नजरेला नजर कशी देऊ? त्यापेक्षा जे व्हायचं ते होऊ दे.”

इरावती तडक अण्णांकडे गेली. ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून तिने दार लावले आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. अण्णांनी ती दोनदा वाचली, घडी घालून परत दिली.

“चंद्राला सभेत उभं राहावं लागेल,” ते म्हणाले.

“अण्णा! तुम्हीसुद्धा?”

“नियम आहे.”

“मग मोडा तो! एक बाई लाजेपायी मरायला निघाली आहे आणि तुम्ही नियम धरून बसलात?”

“ओरडू नकोस, तेवढं ऐकू येतं मला,” अण्णा म्हणाले. “उद्या सभेला येताना प्रत्येकाने आपली हातोडी आणि एक कोरं भांडं आणायचं, असा निरोप फिरव. चंद्राला सांग, तिच्या शेजारी तू उभी राहशील. आणि जा आता, मला काम आहे.”

इरावतीने निरोप फिरवला, पण मनात संताप धुमसत होता. म्हाताऱ्यांचे हे असेच, तिला वाटले. माणूस बुडत असताना यांना भांडी सुचतात. काकूंना आणायला तिला तासभर विनवावे लागले. शेवटी काकू आल्या त्या फक्त इरावतीचा हात घट्ट धरता येईल म्हणून.

सभामंडप भरला. अध्यक्षस्थानी भिकूशेठ होते. ते एकेकाळचे तांबट, आता पत्र्यांचे व्यापारी. शेजारी आणखी तीन ज्येष्ठ आणि हरबाअण्णा.

“अण्णा, हे काय आरंभलंय?” भिकूशेठ गरजले. “सभा आहे की कारखाना?”

“चंद्रा उभी राहिली की ठोकायला लागा,” अण्णांनी सर्वांना सांगितले. “मी हात वर केला की थांबा.”

“कशासाठी?”

“माझ्या वयाकडे बघून. कशासाठी ते मागाहून सांगतो.”

सभेत हशा पिकला. मागून कुणी म्हणाले, “म्हाताऱ्याला घुसमटल्यासारखं होत असेल रे, दिवसभर ठोका ऐकला नाही की!” तरी अण्णांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

चंद्राकाकू उभ्या राहिल्या. आणि चाळीस हातोड्या एकदम सुरू झाल्या.

तो आवाज असा की खांब थरथरले, छपरावरची कबुतरे उडाली. काकूंचे ओठ हलले. शेजारी असूनही इरावतीला काही कळले नाही, म्हणून तिने कान काकूंच्या तोंडाशी नेला. काकूंनी दुखण्याचे नाव घेतले, अगदी पुटपुटत. मग त्यांनी समोर पाहिले. चाळीस माना खाली होत्या, डोळे आपापल्या भांड्यावर होते. काकूंनी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा त्या ओरडल्या. दुखणे ओरडून सांगितले, मग भीती सांगितली, रात्र रात्र जागल्याचे सांगितले, नवऱ्याला दोन शिव्यादेखील घातल्या की मला एकटीला टाकून गेलास. तीन महिने छातीत कोंडलेले सगळे त्या आवाजात रिकामे झाले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा मात्र हळूहळू सैल होत होता.

अण्णांनी हात वर केला. हातोड्या थांबल्या.

“झालं,” अण्णा म्हणाले. “उभी राहिली, मोठ्याने बोलली. नियम पाळला. आता मदत मंजूर करा.”

“पण आम्हाला कुठे ऐकू आलं!” भिकूशेठ म्हणाले. “असं कसं चालेल? उद्या कुणीही उठेल, खोटं दुखणं सांगेल आणि घागर रिकामी होईल. ही घागर सगळ्यांच्या घामाची आहे, अण्णा.”

भिकूशेठ वाईट नव्हते आणि त्यांची शंकाही खोटी नव्हती. अण्णा काठी टेकत उठले.

“शेठ, हे मंडळ काढलं माझ्या आजोबांनी. ते ठार बहिरे होते. माणसं त्यांच्या दारात यायची, संकोचाने हळूच मागायची, त्यांना ऐकू यायचं नाही. एक जण असाच दोनदा मागून परत गेला आणि तिसऱ्यांदा यायला उरला नाही. ते आजोबांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी नियम केला, की सभेत उभं राहा आणि मोठ्याने सांगा, म्हणजे आमच्या बहिरेपणापायी कुणाचं मागणं वाया जायला नको. नियम आपल्या कानांच्या दोषासाठी होता. शिक्षा मात्र आपण मागणाऱ्याला करत बसलो. खऱ्याखोट्याचं म्हणाल, तर तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी मिळत नव्हती, आज मिळते. ती मी वाचली आहे. दुखणं खरं आहे.”

 मग मागच्या रांगेतून एक मध्यमवयीन तांबट, आपल्या समजुतीप्रमाणे शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असे म्हणाला, “पुढच्या सभेलाही हातोड्या आणायच्या ना? माझंही एक राहिलंय सांगायचं.” मंडप खो खो हसला. हसताना कित्येकांचे डोळे ओले झाले होते.

भिकूशेठही हसले. “मंजूर,” ते म्हणाले. “चंद्राबाई, उद्याच दवाखान्यात भरती व्हा. खर्च मंडळाचा.” काकू मटकन खाली बसल्या. “पण नियमाचा उरलेला भाग राहिला. इरावती, तू शेजारी होतीस, तू ऐकलंस. काय दुखणं ते वहीत लिही, म्हणजे झालं.”

“लिही, पोरी,” दुसरे ज्येष्ठ म्हणाले. “वही कोरी राहत नसते.”

काकूंचा चेहरा पुन्हा उतरला. इरावतीने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी वही तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “ऐकलंस ना तू? मग?”

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. इरावतीने वही उघडली. ‘दुखणे’ या शब्दाखाली पानोपानी नावे होती, कितीतरी जुन्या माणसांची, कितीतरी लाजांची. तिने लेखणीचे टोपण लावले आणि वही मिटली.

“ऐकलं,” ती म्हणाली. “लिहिणार नाही.”

“काय म्हणाली?” एका ज्येष्ठाने कानामागे हात धरला.

इरावती उभी राहिली. सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितले, “लिहिणार नाही! आज नाही, पुढेही कुणाचं नाही. चिटणीस दुसरी नेमायची तर खुशाल नेमा. पण या वहीत यापुढे कुणाचं दुखणं माझ्या हाताने जाणार नाही.”

 बाकीच्या ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिले. त्या आळीत बहुधा पहिल्यांदाच इतकी शांतता पसरली, की चंद्राकाकूंनी सोडलेला मोठा निःश्वास सभामंडपात सर्वांना ऐकू गेला.

इरावतीने पुन्हा अण्णांकडे पाहिले. ते रागे भरले नाहीत. ते काहीच बोलले नाहीत.