हक्काची मूठ

एका राज्यात राजा फार दिलदार होता, आणि तेच सगळ्यांच्या मुळावर आले. मांत्रिकाकडून जिंकलेल्या सोन्याच्या कढईतून तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना फुकट जेवू घाली. कढईला शाप होता. उपकाराचा घास गिळला, की माणूस पायांपासून दगड होई. राजा म्हणे, "थंडीनं आखडलेत बिचारे. अजून वाढा!"

हात थकून घरी बसलेला नगारची कोंडाजी लेकीच्या गावाहून परतला, तो बायको येसू कमरेपर्यंत दगड!

आढ्यावरची साळुंकी बोलली, "हक्काचा घास भरव. नगारच्यांचं पेव आठव!"

आठवले की! उमेदीच्या काळात दर सुगीला प्रत्येक नगारची मूठभर जोंधळा डोंगरात खणलेल्या धान्याच्या पेवात टाकी, म्हातारपणासाठी. पुढे कढई आली नि पेव सगळेच विसरले.

नगारा पाठीला बांधून कोंडाजी धावत सुटला. वाटेत आगीची नदी आडवी आली. त्याने अंगाईचा ठेका धरला. नदी पेंगली, गडी पार! पुढे दोन राक्षस उभे. वरातीचा ठेका झडला, तसे दोघे नाचत नाचत डोंगराआड गेले. राहिला पेवाच्या तोंडाशी बसलेला नाग.

"मूठ तुझी आहे, ने," नाग म्हणाला. "खाणार कोण?"

"बायको."

"तिची मूठ यात नाही." फणा उभारला.

कोंडाजी खवळला. "नागराज, मी नुसता नगारा बडवला. मुठीतला दाणा न् दाणा तिनं पाखडलाय. एक खडा दाखवा!"

नागाने पेवात डोके घातले, बराच वेळ धुंडाळले. मग फणा उतरवून तो बाजूला झाला.

कोंडाजी पोहोचला तेव्हा येसू गळ्यापर्यंत दगड झाली होती. त्याने दाणे तिच्या तोंडात कोंबले. कडाड्! दगड फुटला.

"अहो, शिजवून तरी आणायचे!" येसू म्हणाली, आणि कोंडाजी ढसाढसा रडला.

हे कळताच राजा अनवाणी धावत आला. "आणि ज्यांनी कधीच मूठ टाकली नाही, ते?"

येसू म्हणाली, "महाराज, त्यांनी तुमची पालखी वाहिली, तट बांधले. मूठ त्यांचीच, तुमच्याकडं राहिलीय. टाका पेवात."

राजाने कढई वितळवली, सोने विकून धान्य घेतले आणि मान खाली घालून एकेकाच्या नावाने पेवात ओतले. त्या धान्याचा घास मिळताच दगड माणसांत आले.

आता सुगीला नगारा झडतो आणि पहिली मूठ राजा टाकतो. म्हातारे पंगतीला ताठ बसतात, आणि आमटी अळणी झाली तर राजालाच सुनावतात.