पंचवीस वर्षांची हमी, उद्या सूर्यास्तापर्यंत

धुंडिराज महाराजांना महालावर सोलर बसवायचं होतं आणि हातात तीन कोटेशनं होती. त्यांतलं एकही दुसऱ्याशी ताडून बघता येत नव्हतं. गुलाबशेठनी दर लावला होता पॅनेलमागे, इनामदारांनी किलोवॅटमागे आणि करीमभाईंनी पंख्यामागे. आंबे डझनावर, कलिंगड किलोवर आणि दूध म्हशीवर विकावं, तसला प्रकार. तिन्हींत सारखी एकच गोष्ट होती. शेवटी प्रत्येकाने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पंचवीस वर्षांची हमी'. आणि त्याखाली, मुंगीनेही चष्मा मागावा एवढ्या अक्षरांत, 'अटी लागू'.

प्रधानजींनी स्वतःच्या अध्यक्षतेखाली तुलना समिती नेमली. समितीने तुलना केली ती कोणाच्या दुकानात चहाबरोबर भजी मिळतात याची. मग अहवाल दिला की तिन्ही कोटेशनं उत्तम आहेत.

तोवर महाराजांचा पंखा चालवत होता भिवबा. दरबाराच्या कोपऱ्यात एक सायकल जमिनीत पक्की ठोकलेली, तिच्या चाकाला डायनामो, डायनामोला पंखा. भिवबाने पॅडल मारलं की महाराजांना वारा. साठी उलटलेल्या भिवबाचे गुडघे करकर वाजत. महाराज म्हणत, "भिवबा, पंख्याला तेल घाल रे."

एका दुपारी भिवबाची मुलगी बायजा त्याचा डबा घेऊन आली. बापाचे सुजलेले गुडघे बघून तिचं डोकं फिरलं.

"महाराज, सोलर कधी बसणार?"

"कोणाची हमी खरी ते कळल्यावर."

"मग पारखून घ्या की."

"कसं? प्रधानजी म्हणतात, पंचवीस वर्षं थांबू, आपोआप कळेल."

"आणि तोवर बाबांनी पॅडल मारायचं?"

प्रधानजी गुरकावले, "एवढी अक्कल आहे तर तूच सांग ना."

महाराज हट्टी. एकदा का मनात आलं की मागे हटणं नाही. ते म्हणाले, "ठरलं. पंचवीस वर्षांची हमी उद्या सूर्यास्तापर्यंत पारखून दाखव. जमलं तर तुझा बाप सुटला. नाही जमलं तर दिवसा तो पॅडल मारेल आणि रात्री तू."

भिवबा पॅडल मारता मारता कळवळला. "बायजे, डबा ठेवून गपचूप जायला काय झालं होतं तुला?"

"मारत राहा बाबा. उद्यापर्यंतचाच प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी बायजाने तिघाही सोलरवाल्यांना दरबारात बोलावून घेतलं.

"तुमच्या हम्या पक्क्या ना?"

"काळ्या दगडावरची रेघ," गुलाबशेठ म्हणाले. बाकीच्या दोघांनी छातीवर हात ठेवला.

"छान. महाराजांची एकच अट आहे. ज्याला काम मिळेल त्याच्या घरचा वीजमीटर आजच काढून टाकायचा. पुढची पंचवीस वर्षं त्याच्या घराला वीज याच सोलरची. आधी महाल, मग राणीसाहेबांची पिठाची गिरणी, मग हत्तीखान्याचे दिवे. उरेल ती त्याची."

महाराज तिच्याकडे वाकून कुजबुजले, "ही अट मी कधी घातली?"

"आत्ता घाला."

महाराजांनी घातली.

दरबारात फक्त भिवबाचे गुडघे ऐकू येत होते. गुलाबशेठनी घाम पुसला. "आमच्याकडे एसी आहे हो. आणि सात वाजता सासूबाईंची मालिका असते."

"किती वर्षं चालली आहे?"

"संपतच नाही."

"मग हमी तेवढी तरी चालायला हवी."

गुलाबशेठ खाकरले. "माझं कोटेशन जरा परत देता का? सांगाडा बांबूचा धरलाय. लोखंडी करतो."

"माझंही द्या," इनामदार म्हणाले. "पॅनेल बुरुजाच्या सावलीत येताहेत. दक्षिणेच्या गच्चीवर नेतो."

"सावलीत का धरली होती?"

"तिथे चढायला शिडी लागत नाही."

करीमभाईंनी नुसताच हात पुढे केला.

"तुमचं काय? तुम्ही तर बारा पंखे चालतील असं लिहिलंय."

"चालतील ना. एका वेळी एक."

तिघंही दरबारात फतकल मारून लिहायला बसले. खोडरबर एकच होतं, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. सूर्य बुरुजाआड जायच्या आत तिघांची नवी कोटेशनं महाराजांच्या हातात आली. तिन्हींत लोखंडी सांगाडा, तिन्हींत दक्षिणेची गच्ची, तिन्हींत दर महिन्याला पॅनेल धुवायची सोय. दर सगळ्यांचा किलोवॅटमागेच. 'अटी लागू' कुठे दिसेना. किमतीतला फरकही एवढासा उरला होता.

प्रधानजी पुढे सरसावले. "महाराज, यावरून कालची कोटेशनं खोटी होती एवढंच कळलं. आजची खरी कशावरून?"

"हो गं," महाराज म्हणाले. "कशावरून?"

"कालची कोटेशनं त्यांनी तुमच्या घरासाठी लिहिली होती, महाराज. आजची स्वतःच्या घरासाठी लिहिली आहेत. आता डोळे मिटून सगळ्यात स्वस्त घ्या."

महाराज असे हसत सुटले की मुकुट घसरून नाकावर आला. सगळ्यात स्वस्त निघाले इनामदार. दिवेलागणीच्या आत त्यांच्या घरचा मीटर निघाला, आणि पहाट होताच ते स्वतःच खांद्यावर शिडी घेऊन गच्चीवर हजर झाले.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बायजाला दिलं आणि भिवबाला स्वतः हात देऊन सायकलवरून उतरवलं. पंखा थांबला. महाराजांच्या कपाळावर घाम जमला.

"पण बायजा, सोलर बसेपर्यंत मला वारा कोण घालणार?"

"तुलना समिती आहे की. सगळ्यांना आळीपाळीने बसवा. कोणाचा वारा जास्त गार, याचा अहवालही मिळेल."

महाराज पुन्हा खो खो हसले. प्रधानजींनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, धोतराचा काचा मारला आणि सायकलवर टांग टाकली.