ओढ्यावरचा ओंडका

“...म्हणजे भीती हा नुसता देहाचा धर्म. आत्म्याला भीती नाहीच. बरोबर ना, बुवा?”

“तुझ्या बुटाची नाडी सुटलीय,” अच्युतबुवा म्हणाले.

पाठराबे नाडी बांधायला वाकले. बोलणं मात्र थांबलं नाही.

पाठराबे नाशकात निर्भयतेचे वर्ग घेत. कुमाऊँच्या डोंगरात राहणारे अच्युतबुवा दर वर्षी पाऊस सरला की चार माणसं घेऊन रानात जातात, पाठीवर तंबू-शिधा घेऊन दिवसचे दिवस चालतात, हे ऐकून त्यांनी नाव नोंदवलं. शिकायला नव्हे. चर्चेला.

यंदा सोबत पोस्टातून निवृत्त झालेल्या कुंदाताई टेंभे आणि त्यांचे यजमान होते. निघाल्यापासून चर्चा रंगली होती. म्हणजे पाठराबे बोलत होते.

दुपारी ओढा आडवा आला.

पूल म्हणजे देवदाराचा एक ओंडका. तुषारांनी ओलाचिंब. खाली पाणी नुसतं उसळत होतं.

बुवांनी ओंडक्याकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मग घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि “राम... राम...” म्हणत ढुंगणावर सरकू लागले. मध्येच एका गाठीत लुंगी अडकली.

टर्रर्र.

कुंदाताईंना हसू आवरेना. पलीकडे पोचलेले बुवाही हसले. मग टेंभे नवरा-बायको तसेच सरकत गेले.

“मी चालत येणार,” पाठराबे म्हणाले. “असं सरपटताना कुणी पाहिलं तर?”

“इथं कोण पाहतंय?” टेंभे ओरडले.

“मी पाहीन ना!”

निघाले. ताठ मानेने, पाठीवरच्या सॅकसकट. आणि बरोबर मधोमध थांबले.

“काय झालं रे?” बुवांनी विचारलं.

“काही नाही... चिंतन करतोय.”

“कशाचं?”

“...आत्म्याचं.”

“कर. सावकाश कर.”

बुवा खडकावर टेकले. कुंदाताईंनी चिवड्याचा डबा उघडला.

चिंतन लांबलं. पाठराबे पुढेही सरकेनात, मागेही. सॅक एका बाजूला कलली.

कुंदाताईंचं हसू मावळलं. “बुवा, पडेल हो तो.”

बुवांनी हातातली चिवड्याची मूठ डब्यात परत टाकली. पुन्हा ओंडक्यावर बसले. पुन्हा “राम... राम...” करत निघाले, आणि पाठराब्यांच्या पायाशी येऊन थांबले.

पाठराब्यांनी खाली पाहिलं. ओंडका घट्ट धरलेले बुवांचे हात थरथरत होते.

“बुवा... मी घाबरलोय.”

“मीसुद्धा. बस खाली.”

पाठराबे बसले. अगदी हळू, बुवांच्या खांद्याला धरून.

मग बुवा उलटे आणि पाठराबे सुलटे, असे समोरासमोर सरकत दोघं काठाला लागले.

चिवडा फिरला. पाठराब्यांनी दोनदा घेतला.

बऱ्याच वेळाने ते हळूच म्हणाले, “तुम्हाला खरंच भीती वाटते?”

“फार.”

“मग दर वर्षी लोकांना घेऊन या रानात येता तरी कशाला?”

बुवांनी तोंडातला घास संपवला.

“एकट्याने यायची हिंमत होत नाही रे.”