दाजींचा वजीर

वरचं आणि खालचं अशी दोन गावं होती, आणि दोन्ही गावांत मिळून एकच तळं. उन्हाळ्यात त्याचं पाणी एकाच गावाला पुरायचं. मारामारीत डोकी फुटू नयेत म्हणून जुन्या लोकांनी रीत घालून दिली होती, की दोन्ही गावांनी एकेक खेळाडू बसवायचा, बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा, आणि जो जिंकेल त्याच्या गावाला पाणी.

यंदा वरच्या गावाकडून दाजी बसणार होते. गावात त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं. त्यांची सुरुवात ठरलेली. राजापुढचं प्यादं सरकवायचं, लगेच वजीर थेट पटाच्या कडेला नेऊन उभा करायचा, आणि मग त्याच्या मागची प्यादी पुढं सरकवायची. समोरचा तिथंच बिचकायचा.

सरावाला रोज त्यांचा मेहुणा यायचा. एकदा खेळता खेळता त्याला दिसलं, की आपण इथं घोडा काढला तर या वजिराला परत फिरायला जागाच नाही. दाजींचीच प्यादी त्याची वाट अडवून बसलीत. त्यानं घोड्याकडं हात नेला, तेवढ्यात बहिणीनं, म्हणजे दाजींच्या बायकोनं, त्याला आत बोलावलं.

"त्यांना हरवू नकोस रे," ती हळूच म्हणाली. "परवा नुसता उंट गेला तर ताटावरून उठले. मला नाही बघवत."

"अगं ताई, पण डावाच्या दिवशी समोरच्यानं हेच केलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आज जेवू दे त्यांना."

मेहुण्यानं बाहेर येऊन भलतंच प्यादं सरकवलं.

दाजी हसले. "घाबरलास ना? अरे, या वजिरापुढं भलेभले गळाठतात!"

"तुमच्यापुढं आमचं काय चालणार, दाजी!"

दाजी पोटभर जेवले. मग रोज असंच चालू राहिलं.

डावाचा दिवस आला. दाजींनी वजीर कडेला नेला, त्याच्या मागची प्यादी सरकवली. खालच्या गावच्या खेळाडूनं जरा वेळ पटाकडं पाहिलं आणि घोडा काढला. वजीर गेला, मागोमाग हत्ती गेला. दुपारच्या आत मात झाली.

त्या उन्हाळ्यात वरच्या गावाची गुरं तहानेनं मेली. माणसं घरं बंद करून पांगू लागली. बहीणही गाठोडं बांधायला बसली. तेव्हा दाजींनी मेहुण्याला विचारलं, "तो घोडा तुला कधी दिसलाच नाही का रे?"

मेहुण्यानं मान खाली घातली. "दिसला होता, दाजी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

दाजींनी रिकाम्या गोठ्याकडं पाहिलं.

"तेव्हा नुसतं वाईटच वाटलं असतं रे," ते म्हणाले.

तात्पर्य एवढंच, की आपल्या माणसाची चूक दिसली तर ती आपणच, घरातल्या घरात, मायेनं दाखवावी. आपण झाकलेली चूक बाहेरचा शोधून काढतो, आणि त्याला आपली दया येत नाही.