आसनावरचा ई-रीडर

वाचन चालू असताना मधे बोलायचं नाही. वाचून झाल्यावर त्याबद्दल विचारायचं नाही. का, हेही विचारायचं नाही.

डोंगरातल्या त्या लहानशा मठाचा हा नियम शाल्मलीला आल्या दिवशीच सांगितला गेला. गुरू भानुबाबांची नजर अधू झाली होती. मठाच्या मूळ पुरुषाचा ग्रंथ रोज सकाळी त्यांना वाचून दाखवायचं काम तिचं. दोन वर्षं तिने ते केलं. एकही प्रश्न न विचारता.

त्या सकाळी ती आली तेव्हा तिच्या आसनावर एक ई-रीडर ठेवलेला होता.

"मग मी कुठे बसू?"

मठातले ज्येष्ठ बाळकाका हसले. "आता कुठेही बस. पुण्याच्या एका भक्ताने पाठवलाय. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. कालपासून बाबा आपले आपण वाचतायत."

"अख्खा ग्रंथ आहे त्यात," यमुनामावशी म्हणाल्या. त्या मठात बाळकाकांच्याही आधीपासूनच्या. "आणि आणखी शेकडो. हातात घेऊन बघ, पोळीएवढं वजन."

"आणि चार्जिंग संपलं की?"

"तुझा घसा बसला तेव्हा आम्ही काय केलं?" बाळकाका म्हणाले. "बसलो की गप्प."

बाबांनी यंत्र मांडीवर घेतलं. उपरण्याच्या टोकाने त्याची काच पुसली. हळुवार, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी. तिची पोथी त्यांनी कधी अशी पुसली नव्हती.

शाल्मली पुढे सरकली.

"बाबा, याला पानंच नाहीत. किती वाचून झालं ते टक्क्यांत सांगतं."

"तुझ्या कॉलेजातही टक्केच होते ना?"

"पोथीला वास असतो."

"झुरळांचा. मला शिंका येतात."

"समासात काही लिहिता येत नाही."

"येतं. काल लिहिलं मी."

"याला आवाज नाही."

"नाही," बाबा म्हणाले. "तो तुझा चांगला आहे."

ती जरा निवली. "मग?"

"हे थकत नाही. रुसत नाही. आणि..."

बाबा थांबले.

"...गाळत नाही."

शाल्मलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

बाबांनी पडदा तिच्याकडे वळवला. "सातव्या अध्यायात ही ओवी आहे. बाईची जात म्हणजे ज्ञानाच्या वाटेतली धोंड, असं ती सांगते. तू ती कधी वाचली नाहीस."

तिने मान खाली घातली.

"मी लहानपणी पाठ केली होती. तू वाचायचीस तेव्हा ती माझ्या ओठांवर यायची, आणि तू पुढच्या ओवीवर गेलेली असायचीस. मला वाटलं, डोळे गेले, आता डोकंही चाललं..."

"मग विचारलं का नाही?"

"नियम होता."

"मला वाटलं, तुमच्या लक्षातच येत नाही," ती हळू म्हणाली.

बाळकाका उठून उभे राहिले. "ग्रंथ गाळलास? मूळ पुरुषाचा ग्रंथ? बाबा, यंत्रच बरं. हिला घरी पाठवा."

"अगं, मी जन्मभर म्हणते ती ओवी," यमुनामावशी म्हणाल्या. "मला काय झालं?"

"तेच विचारते, मावशी. काय झालं?"

मावशींनी पदर सारखा केला.

बाबांनी यंत्र तिच्यापुढे धरलं. "आसन तुझंच आहे. वाचायचं असेल तर वाच. पण ग्रंथ जसा आहे तसा. आत्ता. या ओवीपासून."

तिने ते घेतलं. खरंच हलकं होतं. अक्षरं चिंचोक्याएवढी, काळी, स्वच्छ. पोथीत ही ओवी पानाच्या दुमडीत होती, शाई पुसट झालेली. तिथून नजर उचलून पुढे जायला काहीच लागत नसे. इथे पडद्यावर तेवढी एकच ओवी होती. दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

आसन समोर होतं. रोजचं. ते तिला हवं होतं. एवढं हवं होतं की मघाशी ती एका डबीचा हेवा करत होती.

"बाबा, तुम्हाला दोन वर्षं भलत्या काळजीत ठेवलं, ती माझी चूक. तोंडावर सांगायला हवं होतं. आता सांगते. ही ओवी मी वाचणार नाही. आज नाही, उद्याही नाही. आसन याला द्या."

तिने ई-रीडर आसनावर ठेवला आणि उभी राहिली.

बाळकाकांनी बोलायला तोंड उघडलं आणि यमुनामावशींकडे पाहिलं. मावशी पडद्यावरच्या ओळीकडे बघत होत्या, पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या. बाळकाकांनी तोंड मिटलं.



बाबांनी चाचपत यंत्र उचललं, तिच्या हातात दिलं, आणि आसनावर दोनदा थोपटलं. मग डोळे मिटून घेतले.

"पुढची वाच."