बाळराजांची दसऱ्याची तालीम

"दसऱ्याच्या दरबारात बाळराजे माझ्या शेजारी गादीवर बसतील! ताठ बसतील, गप्प बसतील आणि एकेका सरदाराला आपट्याचं सोनं देतील!" कुरणगडच्या हैबतराजांनी हुकूम सोडला.

बाळराजे तेव्हा महाराजांचा जोडा डोक्यावर घेऊन मांजरामागे धावत होते. वय वर्षे दोन!

त्यांना सांभाळणारी भिवरा दाई पुढे झाली. "महाराज, लेकरू अजून एका जागी बसून दूधभातसुद्धा खात नाही. चार घास भरवायचे तर मला सगळा महाल पालथा घालावा लागतो. दरबार आटपेपर्यंत ते बसेल कसं?"

"का नाही बसणार? मी बसलो होतो!" महाराजांनी छाती फुगवली. "भाटाला बोलवा रे!"

भाट जवळच होता. भाट नेहमी जवळच असे. त्याने घसा खाकरून सुरू केलं:

"दोन वर्षांचे बाळ हैबत बैसले गादीवरी,
हूं ना केले, चूं ना केले, प्रहर लोटले जरी!"

खरी गंमत इथेच होती. हे कवन महाराज लहानपणापासून रोज सकाळी ऐकत आले होते. भाटाच्या बापाने ते रचलं, भाटाने त्यात मीठमसाला घातला, आणि ऐकून ऐकून महाराजांना ते सगळं आठवायलाच लागलं! स्वतःची स्तुती कोणाला कडू लागते?

"ऐकलंस?" महाराज गरजले. "त्या वयात मी दरबारात जसा वागलो, तसंच बाळराजांनी वागायचं. तसूभर फरक पडला, तर तू गड उतरायचा! मग त्यांना आपला तोफखान्याचा जमादार सांभाळेल!"

जमादाराने मिशीला पीळ दिला. तोफांखेरीज त्याने आजवर कोणालाच आंघोळ घातली नव्हती.

भिवरा घाबरली. हे पोर तिने जन्मल्यापासून अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिचा पदर मुठीत धरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. पण बाईचं डोकं जागेवर होतं.

"तसूभरही फरक नको ना, महाराज?"

"नको म्हणजे नको!"

"मग पारख कोणी करायची? भाटबुवा तर तेव्हा जन्मलेही नव्हते. तुमचा तो दरबार ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यांनीच सांगावं."

"मासाहेब सांगतील! पडद्याआडून त्यांनी सगळं पाहिलं होतं. कबूल?"

"कबूल!" भिवरा म्हणाली आणि बाळराजांच्या डोक्यावरचा जोडा काढायला धावली.

दसरा जवळ आला. महाराज तालीम बघायला गेले, तर बाळराजे पिठाचा डबा मांजरावर उपडा करत होते आणि भिवरा शांतपणे भाजी निवडत बसली होती.

"कसं काय चाललंय?"

"झकास, महाराज! बरंचसं तर ते आधीच शिकून बसलेत!"

महाराज खूश होऊन परतले.

दसऱ्याला दरबार भरला. जरीचा अंगरखा, डोक्यावर छोटासा मंदील अशा थाटात बाळराजे गादीवर बसले. ताठ! गप्प! महाराजांना आनंदाने भरून आलं. हे सगळं एक पेढा खाऊन होईपर्यंत टिकलं.

पेढा संपताच मंदील उडाला तो थेट समईवर! बाळराजांनी दिवाणजींना सोनं दिलं. दिवाणजींनी वाकून ते कपाळाला लावलं मात्र, "माजं!" म्हणत बाळराजांनी परत हिसकावलं. दुसऱ्या सरदाराला दिलं, "माजं!" तिसऱ्याला तर दिलंच नाही, स्वतःच खाल्लं आणि त्याच्या अंगरख्यावर थुंकलं. मग बाळराजे गादीवर उभे राहिले, क्षणभर विचारात पडले, आणि गादी ओली झाली.

सगळे सरदार एकदम छताकडे बघू लागले. छत चांगलं होतं.

"जमादाऽऽर!" महाराज लालेलाल झाले. "उचल बाळराजांना! भिवरा, चालती हो!"

जमादार वाकला. बाळराजांच्या हाती मिशी लागली. तोफेला न घाबरणारा गडी ओरडला, "मेलो, मेलो!"

"थांबा महाराज!" भिवराने हात जोडले. "पारख मासाहेबांनी करायचं ठरलंय!"

चिकाच्या पडद्याआड आधी बांगड्या वाजल्या, मग हसू फुटलं.

"अरे हैबत, हुबेहूब तू रे, तू! तूही सोनं देऊन असंच हिसकावलंस. आणि गादी अशी भिजवलीस, की थोरल्या महाराजांनी तो दरबार उभ्यानेच उरकला!"

"पण मासाहेब, आजवर बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी? भाट गाऊ लागला की तू डोळे मिटून डोलतोस! पण एक फरक मात्र आहे हं."

"फरक आहे!" महाराजांना धीर आला. भिवराचा चेहरा उतरला.

"तू या भाटाच्या बापाला चावला होतास!"

भाट घाबरला. विषय बदलावा म्हणून त्याने घाईघाईने बाळराजांकडे बोट दाखवत तान घेतली, "दोन वर्षांचे बाळ है... आई गंऽऽ!"

बाळराजांनी ते बोट कचकन चावलं!

"झालं!" मासाहेब म्हणाल्या. "आता तसूभरही फरक नाही!"

महाराज भिवराकडे वळले. "खरं सांग, मी तेव्हा काय काय केलं, हे तुला कोणी सांगितलं? मासाहेबांनी?"

"कोणीच नाही, महाराज," भिवरा म्हणाली. "मला फक्त तुमचं तेव्हाचं वय ठाऊक होतं!"

महाराज हसले. इतके हसले, की त्यांचाच मंदील गादीवर पडला, आणि पडू नये तिथेच पडला! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातावर ठेवलं. "माजं!" म्हणत बाळराजांनी ते लगेच पळवलं, म्हणून महाराजांना दुसऱ्या हातातलंही काढून तिला द्यावं लागलं. त्या दिवसापासून बाळराजांचा दरबार पेढ्यापुरताच ठरला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बोटाला चिंधी गुंडाळलेल्या भाटाने नवं कवन गायलं:

"दोन वर्षांचे बाळ हैबत बैसले गादीवरी,
उठले तेव्हा, अहो मंडळी, गादी न्या बाहेरी!"

"वा! पुन्हा म्हण!" महाराज म्हणाले.